पिवळ्या पट्टीची बखर

इतिहास लिहावयाचा म्हणजे किल्ल्यांचा, तोफांचा आणि तहांचा, असा आपल्याकडे एक समज आहे. आणि आमचा नगर जिल्हा त्या समजुतीला हवे तेवढे खाद्य पुरवितो. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी भुईकोट किल्ला आहे तिथेच आहे, आणि चांदबिबीचे नाव निघाले की शाळकरी पोरेही अजून कान टवकारतात. असे असता, फराळाचे ताट शेजारी ठेवून दिवाळी अंक उघडलेल्या वाचकांपुढे मी एका पिवळ्या पट्टीचा इतिहास सांगावयास बसलो आहे, हे पाहून कोणी हसले तर मी रागावणार नाही. पट्टी जेमतेम बोटभर उंचीची. संगणकावर एक्सेलची एखादी फाईल उघडली की ती वरच्या अंगाला उमटते. सावधगिरीचा एक शब्द, मॅक्रो बंद ठेवले आहेत एवढे एक वाक्य, आणि शेजारी एक बटण. ज्यांच्या घरातले कोणी बँकेत, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात किंवा शाळेच्या कार्यालयात आहे, त्यांनी त्यांना विचारून पाहावे. पट्टी बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्यावरचे वाक्य मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते.

मीही त्या न वाचणाऱ्यांपैकीच एक. प्रवराकाठच्या एका गावी पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून माझा जन्म गेला. आमचा जिल्हा सहकाराचा. 1950 साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि पुढे गावोगावी सोसायट्या, दूध संघ, पतसंस्था निघाल्या. संस्था निघाली की खतावणी आली, खतावणी आली की हिशेबनीस आला, आणि हिशेबनीस आला की मार्चअखेरची जागरणे आली. ठेवीची रक्कम गुणिले व्याजाचा दर गुणिले दिवस, भागिले 36500, हा आमचा गायत्रीमंत्र. दीड-दोन हजार ठेवीदारांसाठी तो हाताने जपावयाचा म्हणजे काय, हे ज्याने जपले त्यालाच ठाऊक.

1998 साली आमच्या संस्थेत पहिला संगणक आला, आणि त्याच्याबरोबर एक्सेल आले. दुसऱ्या वर्षी मी पुस्तकात पाहून, चुकतमाकत, एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे काय, हे घरातल्या मंडळींसाठी सांगतो. साधी खतावणी ही मुकी असते. तिच्यात जे लिहाल ते ती धरून ठेवते, आपण होऊन काही करीत नाही. मॅक्रो म्हणजे त्या खतावणीच्या पानांत बसविलेला एक कारकून. वही उघडली की तो उठतो, आणि त्याला जी कामे सांगून ठेवली असतील ती एकामागून एक करू लागतो. अमुक रकाना बेरीज कर, तमुक ठेवीचे दिवस मोज, व्याज काढ, पावती छाप. न थकता, न चुकता. माझ्या त्या कारकुनाने चार रात्रींचे काम चहा निवेपर्यंत उरकले, तेव्हा संचालक मंडळींनी माझी पाठ थोपटली होती. तो अभिमान मी पुष्कळ वर्षे बाळगला.

या कारकुनाची कुळकथा मोठी नाही. संगणकावरची पहिली लोकप्रिय हिशेबवही म्हणजे व्हिसिकॅल्क. ती 1979 साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी तयार केली. त्या वहीत कारकून नव्हता. 1983 साली लोटस 1-2-3 आली. तिच्यात बोटांनी दाबावयाच्या कळांचा क्रम लिहून ठेवता येई, आणि मागाहून तो आपोआप चालविता येई. वही उघडताच कारकून आपण होऊन उठावा, अशी सोयही तिच्यात होती. पुढे एक्सेलने ही गोष्ट उचलली. आणि 1993 साली या कारकुनाला तिने चांगली संपूर्ण भाषाच शिकविली. आता तो बेरजा तर करीच, पण दुसऱ्या फाईली उघडू शके, नव्या लिहू शके, असलेल्या पुसू शके. वहीच्या बाहेर पाऊल टाकावयाची त्याला मोकळीक मिळाली. ही मोकळीक देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आमच्यासारख्यांचे श्रम वाचावेत, एवढाच.

परंतु ज्या वहीत माझा कारकून बसू शकतो, तिच्यात दुसऱ्याचाही बसू शकतो. ही साधी गोष्ट जगाच्या लक्षात येण्यास फार दिवस लागले नाहीत. 1995 साली वर्डच्या कागदपत्रांतून पसरणारा कन्सेप्ट नावाचा मॅक्रो-विषाणू निघाला. 1996 च्या जुलै महिन्यात एक्सेलची पाळी आली. लॅरू या नावाचा विषाणू अलास्का आणि दक्षिण आफ्रिका येथल्या तेल कंपन्यांच्या संगणकांत सापडला. तो फाईलीत एक पान लपवून ठेवी, आणि मग त्या संगणकावर जी म्हणून एक्सेलची वही उघडली जाई तिच्यात आपली प्रत सोडी. नुकसान असे त्याने काही केले नाही. पण दाराच्या कडीला बाहेरून हात पोहोचतो, एवढे त्याने दाखवून दिले.

यावर उपाय म्हणून एक्सेलच्या 97 सालच्या आवृत्तीत पहिला इशारा आला. तेव्हा तो पट्टीच्या रूपात नव्हता. पडद्याच्या मधोमध एक चौकट येऊन उभी राही. या वहीत मॅक्रो आहेत, मॅक्रोंमध्ये विषाणू असू शकतात, असे ती सांगे, आणि तीन बटणे पुढे करी. मॅक्रो बंद ठेवा, मॅक्रो चालू द्या, किंवा वही उघडूच नका. माझी आणि इशाऱ्याची पहिली गाठ पडली ती माझ्याच वहीवर. मी लिहिलेल्या मॅक्रोमध्ये विषाणू असू शकेल, असे हे यंत्र मलाच सांगत होते. मला तो अपमान वाटला. चौकटीच्या तळाशी, दर वेळी विचारावे की नाही यासाठी एक खूण होती. ती मी काढून टाकली. संस्थेतली माझी पहिली चूक ती. पण ती माझ्या एकट्याची होती असेही मी म्हणणार नाही. त्या चौकटीचा दोषही पाहिला पाहिजे.

इशारा कसा असावा, याचे उदाहरण पाहावयास मला नगरच्या बाहेर जावे लागत नाही. 1595 च्या डिसेंबरात शहाजादा मुराद मोगलांची फौज घेऊन आमच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. तटाखाली सुरुंग खणले गेले. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, मोगल छावणीतलाच एक माणूस रात्री किल्ल्याजवळ आला आणि सुरुंग कोठे आहेत ते त्याने आतल्यांना सांगितले. किल्ल्यातल्या लोकांनी आतून खणावयास सुरुवात केली. दोन सुरुंग निकामी केले, आणि तिसऱ्याकडे वळले तोच तो उडाला. तट फुटला. चांदबिबीने स्वतः उभे राहून ते खिंडार लढविले आणि रातोरात बुजविले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला त्या छावणीतून आलेल्या माणसाचे महत्त्व वाटते. त्याने नुसते सावध राहा म्हटले नाही. कोठे खणा ते सांगितले, म्हणून खणता आले.

याच्या उलट उदाहरणही त्याच किल्ल्यात घडले. 1600 साली मोगल पुन्हा चालून आले, तेव्हा चांदबिबी शत्रूशी संधान बांधते आहे, अशी आवई किल्ल्यात उठली, आणि तिच्याच लोकांनी तिला ठार मारले. लवकरच किल्ला मोगलांच्या हाती गेला. खरा इशारा आणि आवई यांत काय फरक असतो, तो या दोन प्रसंगांत आहे. खऱ्या इशाऱ्यात तपासून पाहण्याजोगे काहीतरी असते. आवईत नुसती भीती असते.

आता एक्सेलची ती चौकट घ्या. ती धड आवई नव्हती, आणि धड इशाराही नव्हता. मॅक्रो आहेत एवढे ती खरे सांगे. ते कोणाचे आहेत, काय करणार आहेत, यांतले काहीच सांगत नसे. माझ्या व्याजाच्या वहीवर आणि लॅरूच्या वहीवर ती एकाच आवाजात ओरडे. गावचा रखवालदार घरधन्याला पाहूनही भुंकू लागला, तर चोर आला त्या रात्री त्याचे कोण ऐकणार?

1999 च्या मार्चमध्ये याचा प्रत्यय मोठ्या प्रमाणावर आला. मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या एका कागदातून निघाला. कागद उघडून कोणी मॅक्रो चालू केले की तो त्या माणसाच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या 50 जणांना आपली प्रत पाठवी. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले दिसे, म्हणून पुढचाही ते उघडी. कित्येक मोठ्या कंपन्यांना आपली टपालव्यवस्था बंद करावी लागली. ज्याने तो सोडला त्या डेव्हिड स्मिथ या अमेरिकन गृहस्थाला 2002 साली 20 महिन्यांची शिक्षा झाली. मेलिसाने एक गोष्ट उघड केली. माणूस चौकट वाचीत नाही. तो पाठविणाऱ्याचे नाव वाचतो.

त्यानंतर या इशाऱ्याची अनेक रूपांतरे झाली. 2000 सालच्या आवृत्तीत सुरक्षिततेच्या उच्च, मध्यम आणि नीच अशा पायऱ्या आल्या, आणि मॅक्रोवर डिजिटल सही करण्याची सोय आली. 2007 साली एक मोठी शहाणपणाची गोष्ट झाली. मुकी वही आणि कारकून असलेली वही यांची आडनावेच वेगळी केली गेली. फाईलीच्या नावाच्या शेवटी एक्स असेल तर आत कारकून असूच शकत नाही. एम असेल तर असू शकतो. चौकट जाऊन पट्टी आली तीही याच वेळी. पुढे 2010 च्या आवृत्तीत त्या पट्टीवर एकच सुटसुटीत बटण राहिले, इनेबल कंटेंट नावाचे, आणि ते एकदा दाबले की तो संगणक त्या वहीला विश्वासू मानून पुन्हा विचारीत नसे. लोक कंटाळतात म्हणून त्रास कमी केला होता. हेतू चांगलाच, पण बाहेरच्या माणसाला जे काम पूर्वी दोन-तीन टप्प्यांनी साधावे लागे, ते आता एका बोटाच्या टोकावर आले.

आमच्या कार्यालयात मी त्याच सुमारास एक चिठ्ठी लिहून संगणकाच्या कडेला चिकटविली. कर्मचारी बदलत, दर महिन्याला कोणी तरी विचारी की भाऊसाहेब, व्याज का निघत नाही, आणि मी उठून जाऊन ते बटण दाबीत असे. त्या उठबशीला कंटाळून मी मोठ्या अक्षरांत लिहिले, "पिवळी पट्टी आली की बटण दाबावे." चिठ्ठीवर फाईलीचे नाव नव्हते, अट नव्हती, अपवाद नव्हता.

नेमके याच गोष्टीवर जगभरचे भामटे टपून बसले होते. 2014 च्या आगेमागे मॅक्रोंचा मार्ग त्यांनी पुन्हा धरला. आता ते कुलूप फोडण्याच्या खटपटीत पडत नसत. वहीच्या पहिल्या पानावर ते एक चित्र लावीत, आणि त्यात लिहीत की हा कागद जुन्या पद्धतीचा आहे, नीट दिसण्यासाठी वरच्या पट्टीवरचे बटण दाबा. म्हणजे इशाऱ्याच्या बटणालाच त्यांनी आपले आमंत्रण बनविले. 2015 साली युक्रेनमध्ये वीजकंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना असेच कागद टपालाने गेले. कोणी तरी बटण दाबले, शत्रू आत शिरला, महिनोन्महिने आत राहिला, आणि 23 डिसेंबरला भर हिवाळ्यात सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास गेली.

हे वाचले तेव्हा मला 1759 साल आठवले. ज्या किल्ल्याचा तट मुरादच्या सुरुंगांनी फुटूनही किल्ला पडला नव्हता, तोच किल्ला पेशव्यांनी त्या वर्षी एक तोफ न डागता मिळविला. किल्लेदार कवी जंग याला रक्कम दिली, आणि त्याने आतून दार उघडले. खंदक होता तसाच राहिला, तटाचा चिरा हलला नाही. कवी जंगाने निदान पैसे तरी घेतले होते. आमच्या संगणकांवर बसलेली माणसे दार उघडतात ती फुकट, आणि तेही नेकीने, काम लवकर उरकावे म्हणून.

आता आमच्या घरची गोष्ट. 2017 च्या दिवाळीआधीचा आठवडा. दिवाळी ठेवीचे व्याज धनत्रयोदशीला वाटावयाचे, असे फळ्यावर लिहून झाले होते. त्या ठेवीदारांत बऱ्याचशा बायका. कोणी शेतमजुरी करणाऱ्या, कोणी शिवणकाम करणाऱ्या. वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे टाकावयाचे आणि दिवाळीला कपडे, किराणा करावयाचा. दुपारी टपालात एक फाईल आली, छपाईच्या सामानाचे बिल म्हणून. आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी टपाल पाहात असे. तिने फाईल उघडली, पिवळी पट्टी आली, आणि तिने बटण दाबले. बिल काही दिसले नाही. ती दुसऱ्या कामाला लागली. अर्ध्या तासाने तिने मला हाक मारली, "भाऊसाहेब, फाईलींची नावे बदललीत." मी जाऊन पाहतो तो एकेक फाईल कुलूपबंद होत चालली होती. मी भिंतीतली तार उपटली; तोवर व्याजाचे तक्ते आणि पिग्मीच्या याद्या गेल्या होत्या. कुलूप काढावयाचे तर पैसे भरा, असा मजकूर पडद्यावर होता.

पैसे आम्ही भरले नाहीत. मुख्य खात्यांची प्रणाली वेगळ्या यंत्रावर होती, ती वाचली. ठेवीदारांचा एक पैसाही बुडाला नाही. पण व्याजाच्या तक्त्यांची पेन ड्राइव्हवरची शेवटची प्रत दसऱ्याआधीची होती. मधल्या दिवसांच्या नोंदी व्हाउचरांवरून पुन्हा घालाव्या लागल्या. चार रात्री आम्ही सगळे बसलो. ती मुलगी सर्वांत उशिरा उठे. धनत्रयोदशीला बायका आल्या, तेव्हा त्यांना पाडव्याला या म्हणून सांगावे लागले. कोणी भांडले नाही. एक म्हातारी बराच वेळ बाकावर बसून राहिली आणि मग पिशवीची घडी घालून निघून गेली. पाडव्याला सुटी असून कार्यालय उघडून आम्ही व्याज वाटले. पण पाडव्याला मिळालेल्या पैशांनी धनत्रयोदशीचा बाजार होत नाही.

संचालकांची बैठक झाली. बटण कोणी दाबले, हा पहिला प्रश्न. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी दाबले." तिची नेमणूक अजून कायम व्हावयाची होती. चेअरमन म्हणाले, दिवाळी होऊन जाऊ द्या, मग पाहू. मी त्या बैठकीत काही बोललो नाही. हे वाक्य लिहिताना आजही हात अडखळतो. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीचा लौकिक, निवृत्ती तोंडावर आलेली, आणि माझ्या मॅक्रोचे कौतुक करणारी तीच मंडळी समोर. मी खाली मान घालून वहीत रेघा ओढीत बसलो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडले, तेव्हा ती चिठ्ठी संगणकाच्या कडेला तशीच होती. अक्षर माझे. मी ती सोडविली, खिशात ठेवली, आणि पुढच्या बैठकीत टेबलावर मांडली. म्हणालो, हिने आज्ञा पाळली; आज्ञा माझी आहे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका जुन्या संचालकांनी चिठ्ठी वाचली आणि विचारले, "मग आता काय लिहावयाचे?" त्या प्रश्नाने त्या मुलीची नोकरी वाचली, आणि मलाही पुन्हा अभ्यासाला बसविले.

उत्तराचा धागा मला नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुने मोडी कागद पाहताना सापडला. आपण शिक्कामोर्तब हा शब्द सर्रास वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिक्का पत्राच्या माथ्यावर. पत्र कोणाचे, ते तो सांगतो. मोर्तब पत्राच्या शेवटी. मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही वाढविले तर ते आमचे नव्हे, असे तो सांगतो. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील मोर्तबावर मर्यादेयं विराजते, एवढेच शब्द आहेत. लांब कागद जोडून केला असेल तर पाठीमागे सांध्यावरही शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. शिवाय दफ्तरात कागद तपासला की रुजू असा शेरा पडे. रुजुवात हा आपला शब्द तिथलाच. पत्र खरे की खोटे, हे ठरविण्याचे ओझे त्या व्यवस्थेने घाईतल्या वाचणाऱ्यावर एकट्यावर टाकले नव्हते. कागदानेच आपली ओळख बरोबर आणावयाची होती.

ही व्यवस्था हुकली तर काय होते, हे सांगावयास मराठीत तीन अक्षरे पुरतात. ध चा मा. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हा इतिहास आहे. आनंदीबाईंनी पत्रातल्या धरावे या शब्दाचे मारावे केले, ही आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, सही झाल्यावर एक अक्षर बदलले तरी कागद दुसराच होतो, हे मराठी माणसाला तिने कायमचे शिकविले आहे.

मॅक्रोवरची डिजिटल सही नेमके हेच काम करते. ज्याने मॅक्रो लिहिला त्याची ती ओळख देते, आणि सहीनंतर त्यातले एक अक्षर जरी बदलले तरी ती सही तुटते. शिक्का आणि मोर्तब, दोन्ही एकात. आपल्या देशात 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा सहीला मान्यता दिली, आणि 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा आमच्या जिल्ह्यातले शेतकरीही काढू लागले. म्हणजे वस्तू काही परकी राहिलेली नाही. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. शिक्का पत्र कोणाचे ते सांगतो. पत्रातला हुकूम न्यायाचा आहे की नाही, ते सांगत नाही. लबाडालाही सही करता येते. ज्याला आपण ओळखतो त्याच्याच सहीला अर्थ आहे.

आमच्या कार्यालयात मग आम्ही चार नियम केले. संस्थेच्या मॅक्रोवर संस्थेची डिजिटल सही घातली, आणि सही नसलेला प्रत्येक मॅक्रो बंद राहील अशी संगणकांची मांडणी केली. त्यामुळे पट्टीचे रोजचे भुंकणे थांबले. व्याजाच्या वह्या एका ठराविक फोल्डरमध्ये ठेवल्या, आणि बाहेरून आलेला कोणताही कागद त्यात ठेवावयाचा नाही असे ठरविले. बाहेरून कोणी याद्या पाठवीत असतील, तर त्यांना मुकी वहीच पाठवावयास सांगितले, जिच्या आडनावात एम नाही अशी. आणि दररोज संध्याकाळी प्रत काढून ती यंत्रापासून वेगळी, कपाटात ठेवावयास लागलो. यांपैकी एकाही नियमाला पैसा असा फारसा लागला नाही.

पुढे जगानेही हेच वळण घेतले. 2022 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो यापुढे मुळातच अडविले जातील. पिवळ्या पट्टीच्या जागी तांबडी आली, आणि तिच्यावर चालू करण्याचे बटणच नाही. लोकांनी तक्रारी केल्या. त्या जुलैत हा बदल काही दिवस मागे घेतला गेला, आणि त्याच महिन्यात पुन्हा लागू झाला. बाहेरून उतरलेल्या फाईलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवते, बाहेरगावच्या मालावर नाक्यावर मारावी तशी. ती खूण पाहून एक्सेल दार लावून घेते. ती काढावयाचीच असेल तर फाईलीच्या गुणधर्मांत जाऊन हाताने काढावी लागते, आणि तेवढ्या वेळात माणूस जरा विचार करतो. अर्थात यालाही फट आहे. पेन ड्राइव्हवरून आलेल्या फाईलीवर बहुधा ती खूण नसते. म्हणून तांबडी पट्टी दिसली नाही, तेवढ्यावरून माल आपल्याच गावचा, असे समजू नये.

पंचवीस वर्षांत एवढा प्रवास झाला. आधी दारावर आलेल्या प्रत्येकासाठी घरातल्या धाकट्याला हाक मारून, आत घेऊ का म्हणून विचारावयाचे, आणि चुकले की त्याला बोल लावावयाचा. आता पाहुण्यानेच आपली ओळख दाखवावयाची. हा फरक घडावयास इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर मी माझ्यापुरते देऊ शकतो. दुसऱ्याच्या बोटाला दोष देणे सोपे असते, आणि त्या बोटाला वळण लावणारी चिठ्ठी आपल्याच अक्षरात असते.

मी निवृत्त झालो. ती मुलगी आता तिथे हिशेबनीस आहे, आणि नव्या पोरांवर माझ्यापेक्षा बरी देखरेख ठेवते. गेल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेलो होतो, तेव्हा ती फोनवर कोणाला तरी विचारीत होती, "तुम्ही आम्हाला यादी पाठवली का? तुम्हीच पाठवली ना?" संगणकाच्या कडेला, जुन्या चिठ्ठीच्या गोंदाचा डाग अजून दिसतो त्याच जागी, तिच्या अक्षरातली नवी चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिले आहे, "पाठवणाऱ्याला विचारले का?"